मोतीबिंदू काढला, तरी माणसाचं तोंड का दिसत नाही?

मराठवाड्यात म्हातारपणी नजर अधू झाली की घरात पहिला शब्द निघतो तो मोतीबिंदू. ते साहजिकही आहे. गेल्या काही दशकांत गावोगावी शिबिरं झाली, जीप भरभरून म्हाताऱ्या माणसांना तालुक्याला नेऊन ऑपरेशनं झाली. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने याच कामामुळे घराघरात माहीत झाले. भिंग गढूळ झालं, ते काढलं, नवं बसवलं, दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली आणि नातवाचं तोंड दिसलं, असा हा सरळ हिशोब लोकांच्या मनात पक्का बसला आहे.

म्हणून ज्यांचं ऑपरेशन नीट होऊनही समोरचं तोंड दिसत नाही, त्यांची फार कुचंबणा होते. "साहेब, माणूस आलेला कळतो, पण कोण आलाय ते कळंना. चष्म्याचा नंबर बदलून द्या." नंबर बदलून काही होत नाही, कारण बिघाड डोळ्याच्या पुढच्या भिंगात नसून मागच्या पडद्यात असतो. या आजाराचं पूर्ण नाव 'एज-रिलेटेड मॅक्युलर डिजनरेशन'. डॉक्टर त्याला एएमडी म्हणतात, आणि रुग्णाशी बोलताना बहुतेक वेळा 'पडद्याची झीज'.

अशा माणसाला दिसतं तरी कसं? रोज हरिपाठ वाचणारे एखादे आबा डोळ्यांपुढे आणा. पान दिसतं, ओळी दिसतात. पण ज्या अक्षरावर नजर ठेवावी, नेमकं तेच पुसलेलं. नजर थोडी बाजूला नेली की अक्षर कडेला उमटतं, आणि ते वाचायला नजर परत आणली की पुन्हा नाहीसं होतं. ओळ धरायला बोट ठेवलं तर बोटाचं टोकच दिसत नाही. मात्र घरात चालताना आबांना ठेच लागत नाही, अंगणातून पळालेली शेळी त्यांना बाजूने बरोबर दिसते. मग घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला जे बघायचं तेच दिसतं. हा आरोप अगदी चुकीचा आहे. या आजारात जातो तो नजरेचा मधला भाग. कडेची नजर शाबूत राहते.

डोळ्याच्या आतल्या मागच्या बाजूला जो पडदा पसरलेला असतो तो जेमतेम पाव मिलिमीटर जाड. त्याच्या मधोमध साधारण साडेपाच मिलिमीटर रुंदीचा भाग म्हणजे मॅक्युला, मराठीत पीतबिंदू. वाचणं, सुईत दोरा ओवणं, ज्वारीतला खडा निवडणं, चेहरा ओळखणं, ही सगळी बारकाईची कामं या एवढ्याशा जागेवर चालतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या. शंकूच्या आकाराच्या पेशी उजेडात आणि रंगासाठी, दंडाकार पेशी अंधुक उजेडासाठी. मॅक्युलाच्या अगदी मध्यबिंदूत फक्त शंकू असतात, आणि त्याच्या भोवतीच्या कड्यात दंडाकार पेशींची दाटी असते. हे कडं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता खरी गोष्ट. संशोधकांनी या आजाराचं मूळ शोधलं तेव्हा ते बघणाऱ्या पेशींपाशी थांबलं नाही, त्यांच्या खालच्या थरात गेलं. या पेशींच्या मागे काळसर रंगद्रव्य असलेल्या पेशींचा एकपदरी थर असतो. त्याला आरपीई म्हणतात. एकेक आरपीई पेशी वरच्या तीसेक बघणाऱ्या पेशींचं सगळं बघते. रक्तातली साखर आणि अ जीवनसत्त्व वर पोचवायचं, पाणी खाली ओढून घ्यायचं, आणि वरून झडलेला कचरा गिळून पचवायचा. बघणाऱ्या पेशींची टोकं प्रकाशाने सतत खराब होत असतात. दंडाकार पेशी आपलं टोक रोज थोडं थोडं झाडते आणि साधारण दहा दिवसांत ते पूर्ण नवं करते. झडलेलं सगळं आरपीईच्या पोटात जातं. ही पेशी मोठेपणी नवी तयार होत नाही. ८० वर्षांच्या माणसाच्या डोळ्यातली आरपीई पेशी जन्मल्यापासून हेच काम करत असते, एकही दिवस सुट्टी न घेता. मला या पेशीबद्दल खरोखर आदर वाटतो.

आरपीईच्या खाली एक पापुद्रा आहे, ब्रुक्स मेम्ब्रेन. तरुणपणी तो साधारण २ मायक्रॉन जाड, म्हणजे एका मिलिमीटरचे ५०० भाग केले तर त्यातला एक. त्याच्याही खाली कोरॉइड नावाचं रक्तवाहिन्यांचं जाळं. वर जाणारा सगळा पुरवठा आणि खाली येणारा सगळा निचरा या पापुद्र्यातूनच होतो. वय वाढतं तसा तो जाड होतो आणि त्यात चरबी साचते. इथे ठिबक आठवा. मोटार चालू, टाकीत पाणी, नळीही धड. पण तोट्यांत क्षार बसले की शेवटच्या झाडाच्या मुळाशी थेंब पोचत नाही आणि झाड उभ्या जागी सुकतं. ब्रुक्स मेम्ब्रेनमध्ये नेमकं असंच होतं. फरक इतकाच की ठिबकमध्ये आम्ल सोडून नळी साफ करता येते, या पापुद्र्यासाठी तसं काही अजून सापडलेलं नाही.

ही चरबी कुठून येते? सहज वाटेल, ताटातल्या तेल-तुपातून. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात क्रिस्टीन कर्सिओ यांनी दान केलेल्या डोळ्यांवर अनेक वर्षं काम केलं. त्यातून पुढे आलं की चरबीचे हे कण बऱ्याच अंशी आरपीई पेशी स्वतःच तयार करून खाली सोडतात. तरुणपणी ते पापुद्र्यातून पार होतात, वाढत्या वयात तिथेच अडकतात. रक्तातलं कोलेस्टेरॉल चांगलं असलेल्या माणसालाही हा आजार होतो, त्यामागचं हे एक कारण.

अडकलेली चरबी, प्रथिनं आणि इतर अवशेष यांचे ढीग आरपीई आणि ब्रुक्स मेम्ब्रेनच्या मध्ये साचतात. हेच ड्रूसन. डॉक्टर पडदा तपासतात तेव्हा ते फिकट पिवळे ठिपके म्हणून दिसतात. नेदरलँड्सच्या फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी १८५५ साली त्यांचं वर्णन केलं होतं, म्हणजे ठिपके जुनेच माहीत होते. ६३ मायक्रॉनपेक्षा बारीक ठिपके चाळिशी-पन्नाशीनंतर पुष्कळांना असतात, त्यांनी घाबरून जायचं कारण नाही. १२५ मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाच्या, पुढे गेलेले मऊ कडांचे ठिपके असले तर मात्र नियमित तपासणी लागते.

पण ठिपका दिसणं वेगळं आणि त्याच्या आसपास काय चाललंय हे कळणं वेगळं. जिवंत माणसाच्या पडद्याचा तुकडा काढून तपासता येत नाही; काढला तर तिथली नजर कायमची जाते. इथे मला ऑस्ट्रेलियातल्या शर्ली सार्क्स यांचं नाव आवर्जून घ्यायचं आहे. त्या वृद्ध रुग्णांचे डोळे जिवंतपणी वारंवार तपासत, नोंदी ठेवत, आणि त्या माणसांच्या मृत्यूनंतर तेच डोळे सूक्ष्मदर्शकाखाली थर-थर करून बघत. जिवंतपणी दिसलेला ठिपका आणि पेशींमधला प्रत्यक्ष बदल यांचा मेळ त्यांनी घातला. १९७६ सालचा त्यांचा शोधनिबंध आजही या विषयाचा पाया मानतात. ठळक ड्रूसन दिसण्याच्या आधीच आरपीईखाली एक पातळ, पसरट साका धरत असतो, हे अशाच कामातून कळलं.

कर्सिओ यांच्या गटाने आणखी एक गोष्ट मोजली. पडद्याचा कुठलाही आजार नसलेल्या डोळ्यांत त्यांनी पेशी मोजल्या. तरुण आणि वृद्ध डोळ्यांची तुलना केली तेव्हा अगदी मध्यातले शंकू म्हातारपणीही जवळपास तेवढेच होते, पण भोवतीच्या कड्यातल्या दंडाकार पेशी सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. एएमडीच्या डोळ्यांत ही गळती आणखी वाढलेली. कारण बहुधा असं, की दंडाकार पेशींना अ जीवनसत्त्वासाठी आरपीईवरच अवलंबून राहावं लागतं, तर शंकूंना दुसऱ्या पेशींकडूनही थोडा पुरवठा मिळतो. मुख्य वाट तुंबली की आधी मार बसतो तो दंडाकार पेशींना.

याचा परिणाम रोजच्या जगण्यात दिसतो. दुपारच्या उन्हातून माळवदाच्या अंधाऱ्या खोलीत आल्यावर पूर्वी थोड्या वेळात भांडी-कुंडी दिसायला लागायची. आता बराच वेळ काहीच उमगत नाही. भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला तर हाच माणूस शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पडदा निरोगी असलेल्या वृद्धांची ही अंधाराला सरावण्याची क्षमता मोजली होती. ज्यांना सरावायला जास्त वेळ लागत होता, त्यांच्यात तीन वर्षांनंतर सुरुवातीचा एएमडी आढळण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. त्यामुळे साठीच्या पुढे कुणी "हल्ली अंधारात आलं की लवकर दिसत नाही" म्हणालं तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नये. मोतीबिंदू, मधुमेह, अ जीवनसत्त्वाची कमतरता अशी इतर कारणंही असतात. पडदा तपासला की निवाडा होतो.

दुसरा धागा आहे शरीराच्या संरक्षण यंत्रणेचा. ग्रेगरी हेगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००० च्या आसपास ड्रूसनमध्ये 'कॉम्प्लिमेंट' नावाची प्रथिनं सापडली. जंतूंवर तुटून पडणं हे या प्रथिनांचं एरवीचं काम. जंतू नसलेल्या ठिकाणी ती का जमली? २००५ मध्ये याचं उत्तर दुसऱ्याच वाटेने आलं. एकाच वेळी अनेक गटांनी दाखवलं की सीएफएच नावाच्या जनुकात एक ठराविक बदल असणाऱ्यांना एएमडीचा धोका बराच वाढतो, आणि सीएफएचचं काम म्हणजे याच कॉम्प्लिमेंटला आवर घालणं. आवरणारा ढिला पडला की ती प्रथिनं स्वतःच्याच पेशींवर उलटतात. मला या शोधातलं हे विशेष वाटतं की जनुकांची तपासणी होण्याआधीच दान मिळालेल्या डोळ्यांनी बोट दाखवून ठेवलं होतं. पुढे २०१६ पर्यंत धोक्याशी जोडलेल्या जनुकांच्या ३४ जागा सापडल्या. आई-वडिलांना हा आजार असेल तर पन्नाशीनंतर मुलांनी पडदा दाखवून घ्यायचा, तो यासाठी.

आज तुमच्या हातात पडद्याच्या ओसीटी तपासणीचा जो कागद येतो, त्यात हे सगळे थर छापलेले असतात. १९९१ मध्ये हे तंत्र पहिल्यांदा मांडलं गेलं. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी वापरतात, इथे प्रकाश. सुई नाही, कापाकापी नाही. हनुवटी टेकवून काही सेकंद एका खुणेकडे बघायचं. कागदावर करड्या-काळ्या पट्ट्या दिसतात, मधोमध एक खळगा. तो खळगा म्हणजे मॅक्युलाचा मध्य. तळाशी एक ठळक पांढरी रेघ असते, ती आरपीईची. निरोगी डोळ्यात ती गुळगुळीत जाते. ड्रूसन असले की रेघेखाली टेकाडं उठतात आणि रेघ वर-खाली होते. कधी रेघेच्या वर, पडद्याच्या आत, पांढरे बारीक ठिपके विखुरलेले दिसतात. दान केलेल्या डोळ्यांशी ताडून पाहिल्यावर कळलं की यांतले पुष्कळ म्हणजे आपली जागा सोडून वर सरकलेल्या आरपीई पेशीच. असे ठिपके दिसले तर आजार पुढे जाण्याची शक्यता जास्त. पुढच्या खेपेला डॉक्टरांना तुमच्या कागदावरची ती रेघ दाखवायला सांगा. अर्धा आजार तिथेच समजतो.

इथून पुढे आजाराच्या दोन वाटा होतात. कोरड्या वाटेत आरपीई पेशी हळूहळू मरतात, त्यांच्यावर विसंबलेल्या प्रकाशपेशी मागोमाग जातात, आणि पडद्यावर उजाड पट्टा तयार होतो. याला वर्षं लागतात. ओल्या वाटेत खालच्या कोरॉइडमधून कच्च्या, गळक्या रक्तवाहिन्या पापुद्रा फोडून वर घुसतात. व्हीईजीएफ नावाचं प्रथिन त्यांना वाढायला लावतं. त्या पाझरतात, रक्त सांडतं, पडदा उचलला जातो आणि शेवटी तिथे व्रण धरतो. ही वाट दहांतल्या एका-दोघांच्याच वाट्याला येते, पण तिच्यात नजर आठवड्यांत जाऊ शकते.

ओल्या प्रकारावर मात्र चांगला इलाज आहे. २००६ मध्ये रॅनिबिझुमॅब हे व्हीईजीएफला अडवणारं इंजेक्शन आलं. त्याच्या मुख्य चाचणीत एका वर्षानंतर सुमारे ९५ टक्के रुग्णांची नजर टिकली किंवा थोडीच घसरली. इंजेक्शन न मिळालेल्यांत हा आकडा ६२ टक्के होता. तिघांतल्या एकाची नजर चांगलीच सुधारली. कॅन्सरसाठी आलेलं बेव्हॅसिझुमॅब बरंच स्वस्त पडतं, आणि २०११ च्या तुलनात्मक चाचणीत तेही जवळपास तितकंच गुणकारी ठरलं. २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबची भारतीय बनावटीची आवृत्ती आली. 'डोळ्यात सुई' म्हटलं की माणूस हादरतो, हे मी जाणतो. बधिर करून देतात, काही क्षणांचं काम असतं. खरी अडचण पुढे येते. हे इंजेक्शन एकदा घेऊन भागत नाही, सुरुवातीला दर महिन्याला घ्यावं लागतं. सोयाबीन काढणी आली, मुलगा पुण्याला, एसटीने कोण नेणार, म्हणून तारीख चुकते. आणि पाझर पुन्हा सुरू होतो. रुग्णाला 'आता बरं वाटतंय' म्हणून मधेच थांबवणाऱ्या घरांना मी कळकळीने सांगतो, थांबायचं का ते ओसीटी बघून डॉक्टरांना ठरवू द्या.

कोरड्या प्रकारासाठी २०२३ मध्ये अमेरिकेत कॉम्प्लिमेंटला रोखणारी दोन इंजेक्शनं मंजूर झाली. उजाड पट्टा पसरण्याचा वेग ती कमी करतात. गेलेली नजर परत आणत नाहीत. गोळ्यांबद्दल गैरसमज फार आहेत. २००१ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत ठराविक मात्रेतली क आणि ई जीवनसत्त्वं, बीटा-कॅरोटीन, जस्त वगैरे घेतल्याने मध्यम टप्प्यातल्या रुग्णांत आजार शेवटच्या टप्प्याला जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. २०१३ मध्ये त्यातलं बीटा-कॅरोटीन काढून ल्युटीन आणि झियाझँथीन घातलं, कारण बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत बीटा-कॅरोटीनमुळे फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढत होता. ज्यांना आजारच नाही किंवा अगदी सुरुवात आहे, त्यांना या गोळ्यांचा फायदा दिसलेला नाही. त्यांनी 'नजरेची ताकद' म्हणून विकत घेतलेल्या डब्या वाया जातात. ल्युटीन आपल्या करडईच्या, मेथीच्या, पालकाच्या भाजीत, मक्यात आणि अंड्याच्या पिवळ्या बलकात असतंच. आणि बिडी सोडा. मराठवाड्याच्या उन्हाबद्दल लोक नेहमी विचारतात. उन्हाचा संबंध ठामपणे सिद्ध झालेला नाही, धुराचा झालेला आहे. ओढणाऱ्यांना हा धोका दुपटीहून जास्त असतो.

घरच्या घरी तपासणी सोपी आहे. जवळचा चष्मा लावा, एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि दुसऱ्याने आखीव वहीच्या रेघांकडे किंवा खिडकीच्या गजांकडे बघा. मग डोळा बदला. एकेक डोळा तपासायचा, कारण दोन्ही उघडे असले की चांगला डोळा खराब डोळ्याचं सगळं झाकून नेतो. रेघ वाकडी, तुटलेली दिसली, मध्ये डाग आला, विजेचा सरळ खांब वाकलेला वाटला, तर पुढच्या शिबिराची वाट बघू नका. त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे जा आणि 'रेघा वाकड्या दिसतात' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'दिसत नाही' म्हटलं की पुन्हा मोतीबिंदूच्या रांगेत उभं केलं जाण्याची भीती असते.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी ओळखून असावी. मधली नजर गेलेल्या काही म्हाताऱ्यांना नसलेली चित्रं दिसतात: दारात उभी लहान पोरं, फेटेवाले अनोळखी पुरुष, भिंतीवर नक्षी. आजी घाबरून बोलत नाही, आणि बोललीच तर घरचे तिला देवऋषाकडे नेतात. स्वित्झर्लंडच्या शार्ल बोने यांनी १७६० साली आपल्या आजोबांच्या बाबतीत हे लिहून ठेवलं, म्हणून याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. डोळ्याकडून संदेश येणं कमी झालं की मेंदू आपणहून चित्रं उभी करतो. हे वेड नाही, बाहेरचंही काही नाही. आजीला एवढं समजावलं तरी तिची झोप परत येते.

मेलेल्या पेशींच्या जागी काही बसवता येईल का? जपानमध्ये २०१४ साली मासायो ताकाहाशी यांच्या गटाने सत्तरीतल्या एका बाईच्या त्वचेपासून आरपीईचा थर तयार करून तिच्याच डोळ्यात बसवला. तो टिकला, नजर सुधारली नाही, पण घसरायची थांबली. दुसरी वाट अशी: प्रकाशपेशी मेल्या तरी पडद्याच्या आतल्या थरातल्या, मेंदूकडे निरोप नेणाऱ्या पेशी बऱ्याच काळ जिवंत राहतात. त्याचा आधार घेऊन २ मिलिमीटरची चिप पडद्याखाली बसवतात, आणि कॅमेरा लावलेला चष्मा तिच्यावर अदृश्य प्रकाशात चित्र टाकतो. २०२५ मध्ये युरोपातल्या चाचणीचे निकाल आले. वर्षभर टिकून राहिलेल्या ३२ रुग्णांपैकी २६ जणांना तक्त्यावरची अक्षरं पूर्वीपेक्षा ठळकपणे चांगली वाचता आली.

यातलं बरंचसं ज्ञान मेलेल्या माणसांच्या दान केलेल्या डोळ्यांतून आलं आहे. आपल्याकडे नेत्रदान म्हणजे बुबुळ, एवढंच लोकांना माहीत असतं, आणि दुसऱ्याला बसवता येतं तेही मुख्यतः बुबुळच. मागचा पडदा कुणाला बसवता येत नाही, पण संशोधनासाठी तो लाखमोलाचा आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, चष्मा असलेल्या, एएमडीने नजर गेलेल्या माणसालाही नेत्रदान करता येतं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पंखा बंद ठेवायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि जवळच्या नेत्रपेढीला फोन करायचा. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही. संमतीच्या कागदावर सही करताना 'बुबुळाखेरीज उरलेला डोळा संशोधनाला वापरायला आमची हरकत नाही' असं नेत्रपेढीच्या माणसाला सांगावं, आणि त्या माणसाला पडद्याचा आजार होता, हेही. जुने ओसीटीचे कागद घरात असतील तर तेही सोबत द्यावेत.